रिपोर्टमध्ये ‘आर’ आलं म्हणजे डोळ्यात दिलेलं औषध चुकलं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. वडील ६७ वर्षांचे, मधुमेह आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, ठणकायला लागला, दिसेनासं झालं. रेटिनाच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी डोळ्याच्या आतला थोडा द्रव काढून तपासायला पाठवला आणि लगेच डोळ्यात व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडीम अशी दोन इंजेक्शनं दिली. तीन दिवसांनी रिपोर्ट आला: स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू. सेफ्टाझिडीम आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, अमिकासिन एस, इमिपेनेम एस (एस म्हणजे औषध या जंतूवर चालेल, आर म्हणजे चालणार नाही). डॉक्टर म्हणतात डोळा थोडा निवळतोय, आज लगेच औषध बदलायला नको. तुम्हाला मात्र वाटतंय की नेमकं निकामी औषध दिलं गेलं. रिपोर्टची वाट का पाहिली नाही? सलाइनमधून भारी अँटिबायोटिक का चालू केलं नाही? आणि दुसऱ्या डोळ्याचं काय?

मी डोळ्यांची डॉक्टर असले तरी वडिलांचा डोळा मी पाहिलेला नाही. इंजेक्शनच्या आधी नजर कितपत होती, म्हणजे समोर हलणारा हात कळत होता की फक्त टॉर्चचा उजेड, बुबुळासमोरची पारदर्शक काच (कॉर्निया) स्वच्छ आहे की पांढुरकी झाली, सोनोग्राफीत पडदा (रेटिना) जागेवर आहे का, या सगळ्यावर पुढचा निर्णय ठरतो. त्यामुळे ‘औषध बदला’ किंवा ‘बदलू नका’ असं मी इथून म्हणणार नाही. तो हक्क रोज डोळा तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे. पण हा रिपोर्ट वाचायचा कसा ते मी सांगू शकते, आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे असं मला वाटतं.

एस, आय (दोन्हींच्या मधलं) आणि आर ही अक्षरं ठरतात कशावरून? लॅबमध्ये जंतू वाढवतात आणि त्याची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं ते पाहतात. याला एमआयसी म्हणतात. मग प्रश्न येतो की एवढं औषध रुग्णाच्या अंगात पोहोचू शकतं का. इथे ‘अंगात’ म्हणजे मुख्यतः रक्तात. शिरेतून नेहमीचा डोस दिल्यावर रक्तात जेवढं औषध असतं ते धरून सीमारेषा आखलेल्या आहेत. स्यूडोमोनास आणि सेफ्टाझिडीम या जोडीसाठी ती अशी आहे: दर मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी लागलं तर एस, ३२ किंवा त्याहून जास्त लागलं तर आर. म्हणजे तुमच्या हातातला ‘आर’ सांगतो की न्यूमोनिया किंवा रक्तातल्या संसर्गात शिरेतून दिलेलं सेफ्टाझिडीम या जंतूला पुरं पडणार नाही. डोळ्याच्या आत टोचलेल्या औषधाबद्दल तो कागद थेट काही सांगत नाही, कारण डोळ्यासाठी वेगळ्या सीमारेषा कोणी आखलेल्याच नाहीत.

आता डोळ्यातला हिशेब बघा. डोळ्याच्या मागच्या पोकळीत व्हिट्रियस नावाचं जेल असतं, सुमारे ४ मिलिलिटर. त्यात सेफ्टाझिडीम टोचतात २.२५ मिलिग्रॅम, म्हणजे २२५० मायक्रोग्रॅम. चार मिलिलिटरमध्ये ते पसरलं की दर मिलिलिटरला साडेपाचशेहून जास्त. रक्तासाठी ज्या जंतूला ‘आर’ म्हटलं त्याची एमआयसी जर ३२ किंवा ६४ असेल, तर सुरुवातीला तरी डोळ्यातलं औषध तिच्या कित्येक पट आहे. म्हणून रिपोर्टवर ‘आर’ आणि डोळा मात्र निवळतोय, हे आम्ही पाहतो. त्यात विसंगती काही नाही.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे आणि ती तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तुमच्या रिपोर्टवर बहुधा फक्त अक्षर आहे, आकडा नाही. बऱ्याच लॅबमध्ये औषध भिजवलेल्या कागदी चकत्या जंतू पेरलेल्या प्लेटवर ठेवतात आणि चकतीभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ किती मिलिमीटरचं आलं ते मोजतात. सेफ्टाझिडीमचं वर्तुळ १४ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असलं तर आर. आता चौदाचं वर्तुळही आर आणि चकतीला अगदी लागून जंतू उगवलेला असला तरी आर. या दोन जंतूंत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्याची एमआयसी ३२ असू शकते, दुसऱ्याची २५६ च्याही वर. शिवाय डोळ्यातलं औषध दर तासाला कमी होत जातं. सुजलेल्या डोळ्यातून ते लवकर जातं, जेल काढून टाकलेल्या डोळ्यातून आणखी लवकर. बसवलेल्या भिंगावर जंतूंनी चिकट थर केला असेल तर त्या थराच्या आत औषध नीट पोहोचत नाही. त्यामुळे ‘डोळ्यात डोस जास्त असतो, रिपोर्टकडे बघू नका’ असं म्हणणाऱ्याशी मी सहमत नाही. ज्या स्यूडोमोनासवर सेफ्टाझिडीम खरोखरच चालत नाही, ते डोळे हातातून जाताना आम्ही पाहिले आहेत.

मी स्वतः काय करते ते सांगते. पहिल्या इंजेक्शननंतर साधारण ३६ ते ४८ तासांनी डोळा शांतपणे बघते. दुखणं कमी झालं का? बुबुळासमोर साठलेल्या पुवाची पातळी उतरली का? पुढच्या भागात तंतूंची जाळी आक्रसायला लागली का? मागून येणारी लाल चमक दिसायला लागली का? पहिल्या चोवीस तासांत डोळा थोडा जास्त लाल दिसला तरी मी घाबरत नाही, कारण मेलेले जंतूही सूज वाढवतात. या खुणा सुधारत असतील तर नुसत्या अक्षरावरून पुन्हा सुई टोचत नाही. प्रत्येक सुईचा आणि प्रत्येक औषधाचा पडद्याला काही ना काही त्रास असतोच. पण दुसरं इंजेक्शन द्यायची गरज दिसली, तर मात्र ते रिपोर्ट बघूनच निवडते, आणि ‘आर’ आलेलं औषध पुन्हा देत नाही. डोळा तसाच राहिला किंवा बिघडला तर त्याच दिवशी निर्णय घ्यायचा, उद्यावर टाकायचा नाही. तुमचे डॉक्टर थांबले आहेत ते बहुधा याच विचाराने.

हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. रिपोर्टवर सगळीकडे एस आला म्हणजे नजर वाचली असं नसतं. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेला एंडॉफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टॉमी स्टडी हा आमच्या विषयातला पायाभूत अभ्यास. मोतीबिंदूनंतर डोळ्यात जंतुसंसर्ग झालेले ४२० रुग्ण त्यात होते. त्यात सापडलेले सगळे ग्राम-पॉझिटिव्ह जंतू, म्हणजे ग्राम नावाच्या रंगचाचणीत जांभळे दिसणारे, व्हॅन्कोमायसिनला दाद देणारे होते. तरीही शेवटची नजर २०/१०० किंवा त्याहून चांगली, म्हणजे आपल्याकडच्या तक्त्यावर ६/३० च्या आसपास, किती जणांची राहिली ते जंतूनुसार बघा. त्वचेवर राहणारा साधा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि त्याचे भाऊबंद असतील तर ८४ टक्के, स्टॅफ ऑरियस असेल तर ५० टक्के, स्ट्रेप्टोकॉकस असेल तर ३० टक्के, एंटेरोकॉकस असेल तर १४ टक्के. औषध तेच आणि तितकंच लागू पडणारं, पण निकालात एवढी तफावत. कारण स्ट्रेप्टोकॉकस मरायच्या आधीच विषारी द्रव्यं सोडून पडदा जाळतो. जंतू मेला तरी ते विष आणि त्याच्यामागे धावून आलेल्या पांढऱ्या पेशींनी केलेली नासधूस मागे उरते. ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे त्याच चाचणीत गुलाबी दिसणाऱ्या जंतूंमध्ये, ज्यात स्यूडोमोनास येतो, त्या अभ्यासात हा आकडा ५६ टक्के होता. वडिलांच्या बाबतीत मी फार गोड चित्र रंगवणार नाही आणि आशा सोडा असंही म्हणणार नाही.

रिपोर्टची वाट का पाहिली नाही, याचं उत्तर वेळेत आहे. सुईने जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिलिटर द्रव निघतो. आमच्याकडे तो ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीतच, त्याच सुईतून थेंब थेंब करून प्लेटवर टाकतात. प्लेटमधली जंतूंची खाद्यं म्हणजे ब्लड अगार, चॉकलेट अगार, बुरशीसाठी साबुरो, शिवाय एक-दोन नळ्यांत पातळ खाद्य, आणि दोन-तीन काचपट्ट्या. काचपट्टीवर ग्राम स्टेन करून तासाभरात एवढं कळू शकतं की जंतू गुलाबी दांड्यांसारखे आहेत की जांभळ्या गोळ्यांसारखे, किंवा बुरशीचे धागे आहेत. प्लेटवर दिसण्याजोगी वाढ यायला दुसरा दिवस उजाडतो. स्यूडोमोनास असेल तर अनुभवी तंत्रज्ञ झाकण उघडताच ओळखतात, प्लेटला हिरवट झाक असते आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. मग त्या वाढीतून पुन्हा ताजा जंतू घेऊन औषधांची चाचणी लावायची, तिला आणखी एक दिवस. म्हणजे रिपोर्ट हातात यायला दोन-तीन दिवस लागणारच. स्यूडोमोनास किंवा बॅसिलससारखा जंतू एवढ्या वेळात डोळा संपवून टाकतो. म्हणून आधी नमुना घ्यायचा आणि त्याच बैठकीत औषध टोचायचं, हीच बरोबर पद्धत. त्यांनी रिपोर्टची वाट पाहिली असती तर तुमची तक्रार रास्त ठरली असती.

मग नेमकी हीच दोन औषधं का? कारण त्या क्षणी जंतू माहीत नसतो. व्हॅन्कोमायसिन ग्राम-पॉझिटिव्ह बाजू सांभाळतं, सेफ्टाझिडीम ग्राम-निगेटिव्ह. स्यूडोमोनासवर व्हॅन्कोमायसिनचा काडीचाही उपयोग नाही, पण ते रिपोर्टनंतर कळतं. दोन्ही एका सिरिंजमध्ये मिसळली तर साका होतो, म्हणून सुया वेगळ्या. डोस किती काटेकोर असतो याची कल्पना यावी म्हणून सांगते: व्हॅन्कोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची कुपी १० मिलिलिटरमध्ये विरघळवायची, त्यातलं १ मिलिलिटर घेऊन त्यात ४ मिलिलिटर सलाइन घालायचं आणि त्यातलं फक्त ०.१ मिलिलिटर डोळ्यात द्यायचं. म्हणजे १ मिलिग्रॅम. हे पातळ करण्यात दशांश चिन्ह एक घर सरकलं तर पडदा कायमचा जातो, म्हणून आमच्याकडे दोन माणसं मोठ्याने म्हणत हिशेब करतात.

अमिकासिन एस आलं आहे, मग ते का दिलं नाही, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. नव्वदच्या दशकात अमिकासिनच वापरायचे. वर सांगितलेल्या अभ्यासातही व्हॅन्कोमायसिनच्या जोडीला ०.४ मिलिग्रॅम अमिकासिनच होतं. पण या गटातली औषधं पडद्याच्या मधल्या भागाचा, मॅक्युलाचा, रक्तपुरवठा बंद पाडू शकतात. कधी कधी नेहमीच्या डोसलाही हे होतं आणि झालं की ते परत फिरवता येत नाही. म्हणून सेफ्टाझिडीम पुढे आलं. आता सेफ्टाझिडीमला न जुमानणारा स्यूडोमोनास समोर असेल तर माझा कल आधी इमिपेनेमकडे असतो. काही केंद्रांत पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम डोळ्यात देतात. आणि सगळे रस्ते बंद झाले तर कोलिस्टिन. अमिकासिनचं नाव मी यादीतून खोडत नाही, पण कागदावर एस आहे एवढ्यावरून ते पहिलं उचलत नाही. औषध जंतूला मारतं का हा अर्धाच प्रश्न झाला. ते पडद्याला किती सोसवतं हा उरलेला अर्धा, आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये तो कुठेही नसतो.

जंतू डोळ्यात शिरला कसा यावरून तो कोण असेल याचा बराच अंदाज येतो, आणि औषधाची निवड तिथूनच सुरू होते. मोतीबिंदूनंतरचा नेहमीचा गुन्हेगार रुग्णाच्याच पापणीवर राहतो. अमेरिकेत १९९१ मध्ये संशोधकांनी डोळ्याच्या आत सापडलेले जंतू आणि त्याच रुग्णाच्या पापण्या-नाकावरचे जंतू जनुकीय पातळीवर ताडून पाहिले, तेव्हा १७ पैकी १४ जणांत ते एकच निघाले. हे जंतू बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी डोकं वर काढतात. तिसऱ्या दिवशीच डोळा पुवाने भरला तर जास्त जहाल जंतूची शंका घ्यायची, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती खरी ठरली. महिन्यांनी हळूहळू धुमसणारा डोळा असेल आणि भिंगामागच्या पिशवीवर पांढरा पट्टा दिसला तर क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाच्या जंतूची शंका. तो इतका सावकाश वाढतो की प्लेट दोन आठवडे ठेवावी लागते. अशा वेळी चौथ्या दिवशी आलेल्या ‘नो ग्रोथ’ रिपोर्टवर विसंबून चालत नाही.

छिन्नी-हातोड्याने काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला किंवा शेतात मातीने माखलेलं काही लागलं तर बॅसिलस सेरियसची धास्ती. तो मातीतला जंतू, एक-दोन दिवसांत डोळा सडवतो, आणि सेफ्टाझिडीमच्या कुळातल्या औषधांना तो मुळातच दाद देत नाही. तिथे व्हॅन्कोमायसिन लागतं. मधुमेहाच्या रुग्णांना पडद्याच्या सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शनं देतात, त्यानंतरच्या संसर्गात तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसचं प्रमाण जास्त असतं. म्हणून इंजेक्शन देताना मास्क लावायचा आणि कोणी बोलायचं नाही, रुग्णानेसुद्धा. काही वेळा जंतू बाहेरून येतच नाही, रक्तातून येतो: यकृतातल्या गळूतून क्लेबसिएला, किंवा बरेच दिवस आयसीयूत स्टिरॉइड आणि सलाइनवर राहिलेल्याच्या डोळ्यात बुरशी. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे असे बुरशीचे डोळे बरेच आले. त्यांच्या तक्रारी रुग्ण घरी गेल्यावर सुरू व्हायच्या, आणि स्टिरॉइडने आणखी बिघडायच्या.

आपल्या देशाबद्दल एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. वर दिलेल्या अमेरिकी अभ्यासात जंतू सापडलेल्या डोळ्यांपैकी ग्राम-निगेटिव्ह जेमतेम ६ टक्के होते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गात ग्राम-निगेटिव्ह सुमारे पाव हिस्सा होते आणि बुरशी सुमारे सहावा हिस्सा. म्हणजे परदेशी पुस्तकातलं चित्र आपल्या रुग्णाला जसंच्या तसं लावता येत नाही. इथे ग्राम-निगेटिव्हसाठीच्या औषधावर जास्त भार पडतो, आणि त्याच औषधांना जंतू सरावायला लागले की आपलं नुकसान जास्त होतं. बुरशीची शंका असेल तर ॲम्फोटेरिसिन-बी ५ मायक्रोग्रॅम किंवा व्होरिकोनॅझोल १०० मायक्रोग्रॅम डोळ्यात देतात. तिथे डोळ्यात स्टिरॉइड द्यायची घाई मी कधीही करत नाही.

सलाइनमधून भारी औषध देण्याबद्दल. १९९५ च्या त्याच अभ्यासात निम्म्या रुग्णांना शिरेतून सेफ्टाझिडीम आणि अमिकासिन दिलं होतं, निम्म्यांना दिलं नव्हतं. नजरेत फरक पडला नाही. रक्तवाहिन्या आणि पडदा यांच्यामध्ये एक नैसर्गिक आडकाठी असते, ती बहुतेक औषधं आत जाऊ देत नाही. सुजलेल्या डोळ्यात थोडं जास्त झिरपतं, पण थेट टोचलेल्या डोसच्या जवळपासही ते जात नाही. तोंडाने घ्यायचं मॉक्सीफ्लॉक्सासिन जेलमध्ये बऱ्यापैकी पोहोचतं, म्हणून काही डॉक्टर गोळी जोडीला देतात. तुमच्या वडिलांचा जंतू सिप्रोला आर आहे, त्यामुळे या कुळातल्या गोळीवर मी तरी भिस्त ठेवणार नाही. रक्तातून आलेल्या संसर्गाची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. तिथे सलाइनमधून औषध दिलंच पाहिजे, कारण डोळ्याबरोबर जीवही धोक्यात असतो. संसर्ग डोळ्याच्या बाहेर खोबणीत पसरला, पापण्या टम्म सुजल्या, डोळा हलेनासा झाला, ताप आला, तरीही शिरेतून औषध चालू करतात. यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

व्हिट्रेक्टॉमीबद्दल, म्हणजे पू भरलेलं जेल ऑपरेशनने काढून टाकण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण उद्या ते नाव निघू शकतं. जुन्या अभ्यासात त्याचा स्पष्ट फायदा फक्त उजेडच कळत होता अशा रुग्णांना झाला. ज्यांना हात हललेला कळत होता त्यांना नुसत्या इंजेक्शननेही तितकाच फायदा झाला. पण त्या अभ्यासात स्यूडोमोनाससारखे जंतू थोडे होते आणि उपकरणंही त्या काळची होती. स्यूडोमोनास सिद्ध झाला असेल आणि डोळा दोन दिवसांत ठळकपणे सुधारत नसेल तर मी ऑपरेशनकडे लवकर वळते. जंतूंचा साठा एकदम कमी होतो, विष बाहेर जातं, आणि नव्याने कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, भरपूर नमुना मिळतो. कॉर्निया खूप धुरकट झाली असेल तर आतलं दिसत नाही आणि तेच ऑपरेशन जोखमीचं होतं. इथे दोन अनुभवी डॉक्टरांची मतं प्रामाणिकपणे वेगळी पडू शकतात.

उद्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा ‘चुकीचं औषध का दिलं’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि हे विचारा. सेफ्टाझिडीमची एमआयसी आकड्यात मिळेल का? लॅबने तो जंतू फेकून दिला नसेल तर हे अजूनही शक्य असतं, आज फोन करून प्लेट जपून ठेवायला सांगा. इमिपेनेमबरोबर मेरोपेनेम आणि कोलिस्टिन तपासलं का? कोलिस्टिन चकतीने तपासलं असेल तर त्या अक्षरावर विश्वास ठेवू नका, त्याला पातळ द्रावणातली चाचणीच लागते. दुसरं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर कोणतं देणार, आणि ते औषध आत्ता हाताशी आहे का? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण रविवारी रात्री इमिपेनेमची कुपी शोधत फिरण्यात सहा तास जाऊ शकतात.

आणखी एक प्रश्न, आणि तो तुम्ही आग्रहाने विचाराच: त्या दिवशी त्याच ओटीत ज्यांची ऑपरेशनं झाली त्या बाकीच्या रुग्णांचे डोळे तपासले का? पापणीवरचा जंतू असता तर मी हे विचारायला सांगितलं नसतं. स्यूडोमोनास हा ओलाव्यात राहणारा जंतू आहे. डोळा धुण्याचं द्रावण, ऑपरेशनमध्ये वापरायचा निळा रंग, मोतीबिंदू फोडून काढणाऱ्या फेको मशिनच्या नळ्या, उघडून ठेवलेली औषधाची बाटली, अशा जागी तो वाढतो, आणि म्हणून तो बरेचदा एकट्या रुग्णाला गाठत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरला मोतीबिंदूच्या शिबिरानंतर अनेकांचे डोळे काढावे लागले होते. २०२२-२३ मध्ये चेन्नईजवळ तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांतून अमेरिकेत स्यूडोमोनास पसरला, इमिपेनेमच्या कुळातल्या (कार्बापेनेम) औषधांनाही न जुमानणारा. १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचे डोळे काढावे लागले, चौघे दगावले. तुमच्याकडे संसर्ग होण्याआधी वडिलांना दिलेले थेंब असतील तर ती बाटली फेकू नका आणि वापरूही नका. झाकण लावून, नाव आणि बॅच नंबर दिसेल अशी ठेवा, लॅबला मागितली तर द्या. रुग्णालयाने त्या दिवशीच्या द्रावणाच्या बाटल्यांचे बॅच नंबर काढून उरलेल्या बाटल्या तपासायला हव्यात. ओटीच्या भिंतीचे स्वॅब घेण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त. बाकीचे रुग्ण वेळेत बोलावले गेले तर त्यांचे डोळे वाचू शकतात.

दुसऱ्या डोळ्याबद्दल. मोतीबिंदू असलेला दुसरा डोळा ऑपरेशनसाठी घाईने उघडायचा नाही. हा डोळा पूर्ण शांत होऊ द्या आणि जंतू कुठून आला याचा शोध संपू द्या. त्याआधी अश्रूपिशवी धुऊन बघायला सांगा, तिथे पू अडकलेला असेल तर आधी त्याचा उपचार. पापण्यांच्या कडांना कोंडा किंवा सूज असेल तर तीही आधी बरी करायची. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर अँटिबायोटिकचे थेंब घालून ‘सुरक्षित’ होता येतं हा समज मला धोक्याचा वाटतो. वारंवार घातलेले थेंब पापणीवरचे साधे जंतू मारतात आणि औषधाला सरावलेले मागे ठेवतात. खरं काम करतं ते ऑपरेशनच्या टेबलावर डोळ्यात घातलेलं ५ टक्के पोव्हिडोन-आयोडीन, तेही पुरेसा वेळ ठेवलेलं, कारण त्याला सरावलेला जंतू ही अडचण आम्हाला अजून भेडसावत नाही. ऑपरेशन संपताना डोळ्याच्या पुढच्या भागात मॉक्सीफ्लॉक्सासिन सोडतात. अरविंद नेत्र रुग्णालयांच्या सहा लाखांहून जास्त शस्त्रक्रियांच्या अभ्यासात त्याने संसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं. तो फायदा मोठा आहे, वडिलांनाही मिळायला हवा. पण सिप्रोला न जुमानणारा हा स्यूडोमोनास मॉक्सीफ्लॉक्सासिनलाही बहुधा जुमानणार नाही. त्यामुळे तो द्रावणातून आला असेल तर तेवढ्या एका डोसवर विसंबता येणार नाही, द्रावणच बदललं पाहिजे. ही चौकशी झाली का, हे दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी लेखी विचारा आणि साखर तोपर्यंत आटोक्यात आणून ठेवा.